बाबांनी निवडलेले मासे

ज्या वर्षी मी बारावीची परीक्षा देऊन घरी बसले, त्या वर्षी आमच्या परसात सिमेंटचे तीन हौद नुकतेच बांधून झाले होते आणि त्यांच्यावर धानाच्या तणसाचा मांडव घातला होता. नागभीडहून दोन कोसांवर आमचं गाव. गावाला मोठा मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, आणि तलावाच्या बांधाला, पाळीला लागून आम्हा ढिवरांची, मासेमारांची घरं. पहाटे मासेमार सोसायटीची माणसं पाळीवर जमली की त्यांचं खाकरणं, बिडी पेटवणं, ओल्या जाळ्याचा जमिनीवर पडताना होणारा थप्प आवाज, हे सगळं आम्हाला अंथरुणातच ऐकू यायचं. मग दूरवर छोट्या लाइनीच्या गाडीची शिटी व्हायची आणि माय चूल पेटवायची. दुपारच्या जेवणाला भात आणि कैरीची फोड टाकून केलेला झिंग्यांचा रस्सा. मासळी नसेल त्या दिवशी अंबाडीची भाजी. मासळी नसेल असे दिवस आमच्याकडे कमीच यायचे.

माझ्या बाबांचं नाव लक्ष्मण. उंच, हाडकुळे, बोलायला कमी. त्यांना पंचक्रोशीत मान होता तो त्यांच्या नजरेमुळे. तलावात सोडायला मासळीचं बीज विकत घेतात, तेव्हा ते तांदळाच्या दाण्याएवढं असतं आणि विकणारा कतला माशाच्या नावाखाली काहीही खपवू शकतो. बाबा ओंजळभर पाण्यात बीज घेऊन दोन क्षण बघायचे आणि यात रोहू किती, मिरगल किती, मरायला टेकलेलं किती, ते सांगायचे. कशावरून म्हणून विचारलं तर म्हणायचे, चालीवरून, पाठीवरून. सोसायटीचे अध्यक्षसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय बीज घ्यायचे नाहीत. मला त्या नजरेचा इतका गर्व होता की शाळेत कोणी विचारलं, तुझे बाबा काय करतात, तर मी मासे पकडतात असं न सांगता मासे ओळखतात असं सांगायची.

ही कीर्ती ऐकूनच हमीदभाई आमच्याकडे आले. चंद्रपुरात त्यांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांच्या काचा कापता कापता ते काचेच्या माशांच्या पेट्या बनवायला लागले होते, आणि पेट्या बनवता बनवता त्यांना माशांचाच नाद लागला होता. दोन वर्षं खटपट करून त्यांनी कलकत्त्याहून कोई जातीच्या माशांची चार मोठी जनावरं आणली होती, एक मादी आणि तीन नर. चंद्रपुरात त्यांच्याकडे जागा नव्हती आणि पाणी तर त्याहून नव्हतं. हौद बांधून देतो, तुम्ही वीण काढा, पिल्लं वाढवा, जे निघेल ते दोघांचं, असं ते बाबांना म्हणाले. माय आतून ऐकत होती. तिला वाटलं हे हिंदीतलं कोई. कोई मासा म्हणजे कोणता मासा, असं तिनं दोनदा विचारलं. मग पिशवीतून ती जनावरं हौदात सुटली आणि माय बाहेर येऊन हौदावर वाकली. पांढरंशुभ्र अंग, आणि त्यावर कुंकवाचा करंडा सांडल्यासारखे लाल धब्बे. हे खायचं नाही, हे नुसतं बघायचं, हे कळल्यावर तिला जो धक्का बसला तो पुढे कित्येक दिवस ओसरला नाही. शेजारणींना ती सांगत फिरली की चंद्रपूरला लोक मासे पोसतात आणि त्यांच्याकडे पाहत बसतात.

थंडी उतरणीला लागली तशी बाबांनी मादी वेगळ्या हौदात घेतली, पाण्यात जलकुंभी आणि सुतळीचे झुबके सोडले आणि दोन दिवसांनी त्यात नर सोडले. पहाटेपासून हौदात जे पाणी उसळलं त्यानं मांडवाखालची जमीन चिखल झाली. उजाडल्यावर झुबक्यांना साबुदाण्याहून बारीक, चिकट अंडी लागली होती. आईबाप आपलीच अंडी खातात म्हणून त्यांना लगेच बाहेर काढावं लागलं. चौथ्या दिवशी पाण्यात हलते केस दिसू लागले. त्यांना खायला उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून द्यायचा होता. घरात आजारी माणसालाच अंडं मिळायचं, आणि इथे मायला रोज सकाळी माशांसाठी बलक गाळावा लागे. ती गाळायची आणि पुटपुटायची. पांढरा भाग मात्र ती माझ्या ताटात टाकायची, त्यामुळे त्या महिन्यात मला बरंच अंडं मिळालं.

हमीदभाई बाबांना सगळं नीट समजावून गेले होते. हजारो पिल्लं होतील, पण त्यातली शेकड्याला दोन-चारच ठेवायची. वाकडी पाठ, आखूड कल्ला, तिरपं तोंड, ती पहिल्यांदा काढायची. मग दीड महिन्यानं रंग धरायला लागले की दुसरी निवड. रंग खुला पाहिजे, मळका, काळसर दिसेल तो काढून टाकायचा. नाही काढला तर तेच आडदांड होतात आणि चांगल्यांचं खाणं खातात. जाताना ते म्हणाले की या कामात हात कठोर पाहिजे, आणि बाबा नुसते हसले.

काढलेल्यांचं काय करायचं, हे कोणी सांगितलं नव्हतं, पण आमच्याकडे त्याची सोय होती. परसाच्या टोकाला बाबांचा मरळीचा खड्डा होता. जिवंत मरळ विकली जाते म्हणून ते तिथे दहा-पंधरा मरळी वाढवायचे, आणि मरळीला जिवंत चारा लागतो. पहिल्या निवडीच्या दिवशी मी वाकड्या पिल्लांची बादली त्या खड्ड्यात ओतली. काळ्याशार पाण्यात एक क्षण चकचक झाली, मग खालून तोंडं आली, चपचप आवाज झाला आणि पाणी पुन्हा स्थिर झालं. मी ढिवराची पोर. जन्मापासून मासे मरताना पाहिलेले. तरी त्या दिवशी मी बादली तिथेच टाकून घरात आले. महिनाभर आम्ही ज्यांना बलक गाळून भरवला होता, ती एका श्वासात गेली होती.  बाबांनी स्वतःच बादली धुऊन आणली.

रंगांची निवड चैत्रात झाली. तीन दिवस चालली. मांडवाखाली बाबा पाटावर बसायचे, समोर पांढरं तसराळं. मी हौदातून जाळीनं वीस-पंचवीस पिल्लं काढून तसराळ्यात टाकायची, बाबा पाहायचे, हाताच्या वाटीनं एकेक उचलायचे. उजवीकडची बादली ठेवायच्यांची, डावीकडची टाकायच्यांची. बोटभर लांबीची पिल्लं ती, पांढरी, पिवळी, तांबडी, काळ्या ठिपक्यांची, चिखलाच्या रंगाची. बाबांचा हात इतका भरभर चालायचा की मी बघतच राहायची. पहिल्याच दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं की डावीकडच्या बादलीत लाल धब्ब्यांची पिल्लं जात आहेत. चांगली पांढरी, पाठीवर लाल, अगदी आईसारखी. मी एकदा विचारलं. बाबांनी वर न बघता सांगितलं, "ते मळके आहेत. जाऊ दे."

मी जाऊ दिलं. मला वाटलं, या धंद्यात मळका शब्दाचा काही वेगळा अर्थ असेल. चांगला लाल आणि मळका लाल असं काही असेल, जे मला दिसत नाही आणि बाबांना दिसतं. त्यांच्या नजरेवर शंका घेणं म्हणजे सूर्य कुठून उगवतो यावर शंका घेण्यासारखं होतं. तीन दिवस मी स्वतःच्या हातानं ती लाल पिल्लं मरळीच्या खड्ड्यात ओतली. दुसऱ्या दिवसापासून मला त्या चपचपीचं काही वाटेनासं झालं होतं, हे आज लिहिताना मला जास्त लागतं.

आठवडाभरानं हमीदभाई एस.टी.नं आले. सोबत पोरांसाठी म्हणून खारी बिस्किटांचा पुडा होता. घरात पोर मी एकटीच, तीही एकोणीस वर्षांची, तरी ते दर वेळी आणायचे. पाणी पिऊन ते हौदापाशी गेले. बाबा शेजारी उभे होते, कमरेवर हात ठेवून, चांगलं काम करून दाखवणाऱ्या माणसासारखे. हमीदभाईंनी एका हौदात पाहिलं, मग दुसऱ्यात, मग परत पहिल्यात. पिल्लं झकास होती, सरळ पाठीची, चपळ. पण सगळी पिवळी, सोनेरी, पांढऱ्यावर पिवळी. लाल एकही नव्हतं. त्यांनी विचारलं, लाल कुठं ठेवली. बाबा म्हणाले, हीच सगळी. हमीदभाई हसले. त्यांना वाटलं थट्टा चालली आहे. त्यांनी तिसरा हौद पाहिला, त्यात नुसती चार मोठी जनावरं होती. मग त्यांचा चेहरा असा बदलला की मी हातातला पुडा खाली ठेवला.

"लक्ष्मणभाऊ," ते हळू आवाजात म्हणाले, "सच सांगा. लाल कोणाले देल्ले?"

बाबांना प्रश्नच कळला नाही. हमीदभाईंनी तो पुन्हा विचारला, आणि या वेळी नागपूरच्या कोणा व्यापाऱ्याचा संशयही बोलून दाखवला. लाल माशांनाच बाजार आहे, हे ज्याला माहीत आहे त्यानंच ते वेगळे काढून नेले असणार, असं त्यांचं म्हणणं. कुंपणापलीकडे शेजारचं घर, तिथे भांडी घासण्याचा आवाज थांबला होता. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला. आयुष्यात त्यांना कोणी चोर म्हटलं नव्हतं. ते काहीच बोलले नाहीत, आणि त्यांचं न बोलणं हमीदभाईंना कबुलीसारखं वाटलं. आजच मी माझी जनावरं घेऊन जातो, असं म्हणून ते पिशवीतून प्लास्टिकच्या थैल्या काढू लागले.

मी पुढे झाले आणि सांगितलं की लाल पिल्लं मी मरळीच्या खड्ड्यात टाकली, तीन दिवस, बादल्या भरून. बाबांनी मळकी म्हणून काढली होती, मी ओतली. हमीदभाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. पोरगी बापाला वाचवते आहे, असंच त्यांना वाटलं असणार. आणि बाबा माझ्याकडे बघत होते. त्या बघण्यात राग नव्हता. मी एखाद्या परक्या भाषेत बोलले असावे, तसे ते बघत होते. ते हमीदभाईंना म्हणाले, तुम्हीच सांगितलं होतं खुला रंग ठेवा, काळसर काढा. मी काळसर काढले. त्यावर हमीदभाईंनी हौदातल्या मादीकडे हात केला, ही काळसर आहे का म्हणून. बाबा साधेपणानं म्हणाले, "आहेच ना. म्हणून तर तुमाले नवे पाह्यजेत, असं मले वाटलं."

 मांडवावर चिमण्या तणस उपसत होत्या. तेव्हा माय स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली. पदराला हात पुसत ती हौदापाशी आली आणि हमीदभाईंकडे न बघता, जमिनीकडे बघत म्हणाली, "याइले लाल दिसत नाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बाबांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी तिला विचारलं, काय बोलून राह्यली तू.  हमीदभाई काच कापणारे. त्यांच्या खिशात काचेवर खूण करायच्या मेणाच्या पेन्सिली कायम असत. त्यांनी दोन काढल्या आणि हौदाच्या चुना लावलेल्या भिंतीवर दोन रेघा ओढल्या. एक लाल, एक गर्द हिरवी. मग बाबांना म्हणाले, भाऊ, यातली लाल कोणती तेवढं दाखवा. हे करताना त्यांचा आवाज अजून संशयाचाच होता. बाबा खाली बसले. त्या दोन रेघांकडे ते इतका वेळ बघत राहिले, जितका वेळ त्यांनी ओंजळीतल्या बीजाकडे कधी पाहिलं नव्हतं. एकदा बोट पुढे नेलं, मागे घेतलं. मग हिरव्या रेघेवर टेकवलं.

हमीदभाईंच्या हातातली थैली खाली पडली. मी बाबांच्या बोटाकडे बघत होते.  माणसाला एखादा रंगच दिसत नाही, असं असू शकतं, हे मला माहीत नव्हतं. बाबांनी आमचे चेहरे पाहिले आणि त्यांना कळलं. त्यांनी हळूच विचारलं की लाल म्हणजे काळसरच ना. मला वाटे, सगळ्यांनाच असंच दिसतं, असं ते म्हणाले, आणि उठून पाळीकडे निघून गेले.

आता मी घुग्घुसला असते, अंगणात कोळशाची धूळ झाडत. माझा मोठा मुलगा खाणीत नोकरीला लागायच्या वेळी डॉक्टरांनी त्याला ठिपक्यांत लपवलेले आकडे वाचायला सांगितले. काही पानांवर त्याला आकडाच दिसला नाही. डॉक्टर समजावून सांगायला लागले की हे आईकडून येतं, तुमच्या वडिलांना होतं का. मी हो म्हटलं. त्यांनी ते दोन मिनिटांत सांगितलं. आमच्या घरात ते उघड व्हायला बाबांच्या वयाची पंचेचाळीस वर्षं आणि हजारो मासे लागले होते.

भिंतीवर रेघा ओढल्या त्या दिवशी बाबा दुपारी जेवायला आले नाहीत. माय आणि मी भात झाकून बसलो होतो. तिला कधीपासून माहीत होतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, लग्नाच्या वर्षीपासून. तेव्हा बाबांनी नागभीडच्या बाजारातून तिच्यासाठी लाल लुगडं आणलं होतं. मोठ्या हौसेनं घडी उलगडली, लाल तुला शोभतं म्हणाले. ते शेवाळी रंगाचं होतं. दुकानदारानं फसवलं असेल म्हणून ती गप्प बसली, पण पुढे मिरच्या, टमाटे, बोरं, असं एकेक तिच्या ध्यानात येत गेलं. ते शेवाळी लुगडं ती विरेपर्यंत नेसली. मी चिडून म्हटलं, मग सांगितलं काऊन नाही. त्यांना निवडीला बसवलं तेव्हा तरी सांगायचं. ती म्हणाली, ते कसे निवडतात ते मला काय माहीत, आणि ज्या माणसाची सगळं गाव नजर वाखाणतं त्याला बायकोनं जाऊन हे सांगायचं का. मग तिनं मला विचारलं की तू तर बादलीत लाल पाहिले होते, तू का गप्प बसली. मी भातावरचं झाकण उगाच सरळ केलं. 

हमीदभाई त्या संध्याकाळची गाडी सोडून थांबले. दिवे लागायच्या वेळी बाबा परतले तेव्हा ते उठून उभे राहिले आणि मी मोठा गुन्हा केला, असं म्हणाले. बाबांनी त्यांना बसायला सांगितलं आणि मायला दोघांचं ताट वाढायला लावलं. जेवताना एवढंच ठरलं की जनावरं इथेच राहतील. गावात मात्र सकाळचं बोलणं कुंपणावरून पसरलं होतं, लक्ष्मणनं लाल मासे परस्पर विकले म्हणून. मी सगळ्यांना खरं सांगून येतो, असं हमीदभाई म्हणाले. बाबांनी साफ नाही म्हटलं. चोर म्हटलेलं त्यांना चाललं, पण ते नाही. सोसायटीच्या बैठकीत त्यांच्या शेजारी बसणारे थोडं सरकून बसू लागले, तरी वर्षभर त्यांनी तोंड उघडलं नाही.

पुढच्या थंडीच्या शेवटी पुन्हा वीण झाली. निवडीला या वेळी पाटावर मी बसले आणि बाबा शेजारी. पहिल्यांदा मासा त्यांच्याकडे जायचा. पाठ, कल्ले, तोंड, पोहणं पाहून ते तो माझ्या वाटीत टाकायचे, आणि रंग मी पाहायची.  मी काहीही सांगितलं असतं तरी ते मान्य करणार होते, याचंच मला भय वाटत होतं. ते मला काही विचारत नसत. फक्त डावीकडच्या, टाकायच्यांच्या बादलीकडे एकदा बघून घ्यायचे, आणि काही न दिसल्यासारखे पुन्हा तसराळ्याकडे वळायचे.

तिसऱ्या दिवशी हमीदभाई दोन गिऱ्हाईकांना घेऊन आले, आणि त्यांच्या मागून सोसायटीचे अध्यक्ष आणि चार-पाच लोक, बघायला म्हणून. हौदात पांढऱ्यावर लाल पिल्लं फिरत होती, अशी की मांडवाखालचं पाणी पेटल्यासारखं वाटावं. अध्यक्ष बराच वेळ वाकून पाहत होते. मग सरळ होऊन म्हणाले की यंदा लाल घरात राहिले म्हणायचे. मागचे लोक हसले. हमीदभाईंनी तोंड उघडलं, पण बाबांनी हात वर केला. हातातली जाळी त्यांनी हौदाच्या कडेला ठेवली.

"मागच्या वर्षीचे लाल मी मरळीले टाकले," ते म्हणाले. "मले लाल दिसत नाई. जन्मात कधी दिसलं नाई. रंग हे पोरगी पाहते."

हसणं जिथल्या तिथे थांबलं. अध्यक्ष बाबांच्या डोळ्यांकडे बघत राहिले, जणू तिथे काही खूण दिसेल. माय दारात होती, तिनं चौकट धरली. मी तर मान वरच करू शकले नाही. वर्षभर जे झाकण्यासाठी त्यांनी चोर म्हणवून घेतलं होतं, ते त्यांनी सगळ्यांसमोर, एवढ्या सपाट आवाजात सांगून टाकलं होतं. 

बाबा पुन्हा खाली बसले. तसराळ्यातून त्यांनी एक पिल्लू ओंजळीत घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मला विचारलं, "हे कोणतं?"

"लाल, बाबा."

"पाठ सीधी आहे. ठेव."

मी ते हातात घेतलं आणि हौदात सोडलं.